सावड चांगली, पण शेत कुणाचं?

पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

"दादा, टोरंट लावलं तर पोलीस येतात का?"

हा प्रश्न मला दुकानात आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच. मंचरला संगणक आणि मोबाईल दुरुस्तीचं काम करतोय, पंधरा-सोळा वर्षं झाली. विचारणारा बहुतेक वेळा कॉलेजचा पोरगा असतो. कधी शिक्षक असतात, एकदा तर निवृत्त तलाठी भाऊसाहेब होते. काउंटरवर गर्दी असते, मी दोन वाक्यांत काहीतरी सांगतो आणि उत्तर अर्धवट राहतं. आता चैत्र तोंडावर आलाय. नारायणगावात तमाशाच्या राहुट्या पडतील, गावोगावच्या यात्रा कमिट्या सुपारी द्यायला येतील. टोरंटचा आणि या राहुट्यांचा काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. आहे, आणि बराच आहे. म्हणून एकदा सगळं नीट लिहितो.

आधी सरळ उत्तर. टोरंट हे तंत्र आपल्या देशात बेकायदेशीर नाही. ते ॲप संगणकावर असणं हा गुन्हा नाही. त्यातून तुम्ही काय आणता आणि काय वाटता, यावर सगळं ठरतं. यातला "वाटता" हा शब्द लक्षात ठेवा. घोळ तिथेच आहे.

हे चालतं कसं, ते सांगतो. सावड आपल्याला माहीत आहे. भीमाशंकर पट्ट्यात भातलावणीला आज सगळे माझ्या खाचरात, उद्या मी तुमच्या खाचरात. मजुरी कुणी कुणाला देत नाही, कामाची फेड कामाने होते. टोरंट म्हणजे फायलींची सावड. नेहमीच्या पद्धतीत एक मोठा संगणक फाईल देतो आणि बाकी सगळे त्याच्या दारात रांग लावतात. टोरंटमध्ये फाईलचे बारीक तुकडे केलेले असतात. ज्याच्याकडे पूर्ण फाईल आहे तो सीडर. तुमच्याकडे त्यातला एक तुकडा आला की तुमचा संगणक तो तुकडा लगेच दुसऱ्याला द्यायला लागतो. जेवढे घेणारे जास्त, तेवढे देणारेही जास्त. २००१ साली ब्रॅम कोहेन नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरने हे बिटटोरंट आणलं. त्याआधी १९९९ मध्ये गाण्यांसाठी नॅपस्टर आलं होतं, ते कोर्टाच्या आदेशामुळे २००१ मध्ये बंद पडलं.

आणि टोरंटचं नावही न ऐकलेल्या माणसांनी आपल्याकडे हेच केलेलं आहे. मोबाईलच्या दुकानाबाहेर "गाणी भरून मिळतील" अशी पाटी असायची, आठवतं का? मेमरी कार्ड द्यायचं, चहा पिऊन यायचं, कार्डात शेकडो गाणी आणि दोन पिक्चर. मग शेअरइट आणि झेंडर आलं. आहुप्याकडे किंवा डिंभ्याच्या वर, जिथे रेंजसाठी टेकाड चढावं लागायचं, तिथे पोरं इंटरनेटशिवाय एका फोनातून दुसऱ्या फोनात पिक्चर ओढायची. फोन टू फोन, मध्ये कुणीच नाही. शुद्ध सावड.

तर या पद्धतीत वाईट काही नाही. नाणेघाटातून शेकडो वर्षं माल वर आला. त्यात सज्जनाचा होता तसा चोराचाही असणार. त्यासाठी कुणी घाट बुजवला नाही. रांजणाजवळचा जकातवाला माल कुणाचा ते बघत असणार, एवढंच. उबुंटूसारखी लिनक्स प्रणाली बनवणारे स्वतःच्या संकेतस्थळावर टोरंट देतात. इंटरनेट अर्काइव्ह ही संस्था आपल्या संग्रहातल्या फायली टोरंटने देते. आपल्या खोडदच्या जीएमआरटीचं उदाहरण घ्या. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशातून जे ऐकतात, ती निरीक्षणं ठरावीक मुदतीनंतर जगभरच्या अभ्यासकांना खुली होतात. तिथे टोरंट नसेल, पण मुद्दा तोच आहे. ज्याची वस्तू आहे, तोच म्हणतोय की घेऊन जा. मग ती कशाने नेली याला महत्त्व उरत नाही.

आता वस्तूच्या मालकाने "घेऊन जा" म्हटलेलं नसतं तेव्हा काय?

२०१६ साल आठवा. एप्रिलअखेर सैराट आला. थेटरला रांगा होत्या, लोक ट्रॅक्टर भरून पिक्चरला जात होते, आणि तरी काही दिवसांत त्याची चोरटी प्रत फोनाफोनांत फिरत होती. त्याच जूनमध्ये उडता पंजाब तर थेटरला लागायच्या आधीच नेटवर आला. प्रतीवर "फॉर सेन्सॉर" अशी अक्षरं होती, म्हणजे कुठल्या टप्प्यावरून फुटली ते उघड होतं. मुंबईच्या सायबर पोलिसांनी त्यात अटकही केली.

मग ऑगस्टमध्ये एक गंमत झाली. बंद केलेली साइट उघडली की पडद्यावर इशारा यायला लागला. हे बघणं, उतरवणं, दाखवणं किंवा त्याची प्रत काढणं हा गुन्हा आहे, तीन वर्षं कैद आणि तीन लाखांपर्यंत दंड. लोक घाबरले. दुकानात माणसं विचारायला यायची, "मी नुसती साइट उघडली, आता काय होईल?" तेव्हा ढिशूम या पिक्चरच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी त्या इशाऱ्याची भाषाच चुकीची ठरवली. नुसतं बघणं हा कॉपीराइट कायद्याखाली गुन्हा नाही, परवानगीशिवाय वाटणं, जाहीर दाखवणं, विकणं किंवा भाड्याने देणं हा गुन्हा आहे, असं त्यांनी स्पष्ट केलं.

झालं, पोरं खूश. "बघणं गुन्हा नाही ना, मग टोरंट लावायला काय हरकत?"

हरकत ही आहे की टोरंट लावणं म्हणजे बघणं नव्हे. सावडीत नुसतं घेता येत नाही. पिक्चर उतरत असतानाच तुमच्या संगणकावरून त्याचे तुकडे नाशिकच्या, लखनौच्या, ब्राझीलच्या माणसाकडे जात असतात. तुम्ही झोपलेले असलात तरी जातात. तुमच्या मनात घेणं आहे, पण यंत्र वाटतंय. आणि कायद्याचं बोट वाटणाऱ्याकडे आहे.

शिक्षा किती? कॉपीराइट कायदा १९५७ चा, कलम ६३. जाणूनबुजून हक्कभंग केला तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. धंद्यासाठी किंवा कमाईसाठी केलं नसेल तर खास कारणं नोंदवून न्यायालय शिक्षा कमी करू शकतं. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. म्हणजे वॉरंटशिवाय अटक होऊ शकते आणि जामीन हा हक्क म्हणून मिळत नाही, कोर्टाकडे मागावा लागतो. त्यात २०२३ ला सिनेमॅटोग्राफ कायदा बदलला. थेटरात बसून पिक्चर मोबाईलवर चोरून रेकॉर्ड केला तर किमान तीन महिने कैद आणि तीन लाख दंड. वरची मर्यादा तीन वर्षं, आणि दंड पिक्चरच्या निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत.

आता उगाच भीती घालणार नाही. घरात बसून एखादा पिक्चर उतरवणाऱ्या पोराच्या दारात पोलीस आल्याचं मी आपल्या दोन तालुक्यांत तरी पाहिलेलं नाही. कारवाई होते ती मुख्यतः साइट चालवणाऱ्यांवर, विकणाऱ्यांवर आणि चॅनेल चालवणाऱ्यांवर. पण "कुणाला झालं नाही" आणि "कायद्याने चालतं" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उसाच्या ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर नसतो आणि रोज पावती फाटत नाही, म्हणून ते कायदेशीर होत नाही.

चॅनेलवाल्यांसाठी जरा वेगळं सांगतो, कारण आपल्याकडे एमपीएससी आणि पोलीस भरती करणारी पोरं खूप आहेत. क्लासच्या नोट्स, पुस्तकांच्या पीडीएफ, रेकॉर्ड केलेली लेक्चर्स टेलिग्रामवर फुकट मिळतात. देणाऱ्याला वाटतं, आपलं नाव कुठे दिसतंय? २०२२ मध्ये एका शिक्षिकेच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने टेलिग्रामला असे चॅनेल चालवणाऱ्यांची माहिती द्यायला लावली, फोन नंबर आणि आयपी पत्त्यासकट. आणि ती द्यावी लागली. दुसऱ्या बाजूने हेही सांगतो की साध्या व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिनने रात्री जागायचं कारण नाही. सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी नुसता ॲडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येणार नाही, असं आपल्याच उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे. पण ॲडमिन स्वतःच फायली टाकत असेल, तर तो वाटणाराच झाला.

सॉफ्टवेअरचा मामला पिक्चरपेक्षा कडक आहे, हे फार कमी लोकांना माहीत असतं. कलम ६३-ब. प्रोग्रामची चोरटी प्रत आहे हे माहीत असून ती संगणकावर नुसती वापरली तरी गुन्हा. कमीत कमी सात दिवस कैद, जास्तीत जास्त तीन वर्षं, दंड पन्नास हजार ते दोन लाख. वापर धंद्यासाठी नसेल तर कैद न देता फक्त दंडावर सोडता येतं. म्हणजे फ्लेक्सवाले, डीटीपीवाले, हिशेबनीस, आर्किटेक्ट यांनी विचार करावा. तुमचा वापर धंद्यासाठीच आहे.

आणि ज्यांची पोरं शिकायला जर्मनीला गेली आहेत, त्यांनी आजच फोन करून सांगा. तिकडे टोरंटवरून पिक्चर उतरवला की काही आठवड्यांनी वकिलाचं पत्र घरी येतं आणि शेकडो युरो मागतात. इंटरनेट ज्याच्या नावावर, पत्र त्याच्या नावाने. खोली वाटून राहणाऱ्या पोरांत यावरून भांडणं होतात. अमेरिकेत मिनेसोटाच्या एका बाईंवर कझा नावाच्या असल्याच एका ॲपवरून २४ गाणी वाटल्याचा खटला झाला आणि शेवटी २ लाख २२ हजार डॉलरची भरपाई कायम झाली. चोवीस गाणी!

कायद्याचं झालं. आता सुरक्षेचं. दुकानात रोज दिसतं ते हेच, आणि खरं सांगायचं तर माझं पोट काही अंशी यावरच चालतं.

एका द्राक्ष बागायतदाराचा लॅपटॉप माझ्याकडे आला होता. पोराने हजारोंचं एक सॉफ्टवेअर टोरंटवरून "क्रॅक" आणलं. क्रॅक चालू करताना सूचना होती की अँटिव्हायरस बंद करा. त्याने केला. दुसऱ्या दिवशी प्रत्येक फाईलच्या नावापुढे चार अनोळखी अक्षरांचं शेपूट आणि डेस्कटॉपवर चिठ्ठी, इतके डॉलर द्या, मग फायली सोडतो. आत काय होतं? एक्स्पोर्टच्या बागेच्या फवारण्यांच्या नोंदी, पॅकहाउसची बिलं, सातबाऱ्याचे स्कॅन, आणि आजीचे शेवटचे फोटो. बिलांच्या प्रती व्यापाऱ्याकडून मिळवता आल्या. आजीचे फोटो कुठून आणणार? "स्टॉप" नावाचा जो खंडणीखोर व्हायरस जगभर घरगुती संगणकांना छळत आला, तो मुख्यतः अशा क्रॅकमधूनच पसरला. त्याच्या काही जुन्या प्रकारांवर २०१९ मध्ये फुकट उतारा निघाला, पण सगळ्या प्रकारांवर तो चालत नाही.

लोक म्हणतात, टोरंट स्वतः फाईल तपासतं, मग धोका कसा? तपासतं, पण काय तपासतं ते समजून घ्या. तुम्हाला मिळालेला तुकडा मूळ फाईलमधल्या तुकड्याशी जुळतो का, एवढंच ते बघतं. पोत्याची शिवण वाटेत कुणी उसवली नाही, इतकी खात्री मिळते. पोतं भरणाऱ्याने आत कांदा भरला की माती, ते त्या शिवणीला ठाऊक नसतं.

दुसरं, या सावडीत तोंड लपवता येत नाही. त्या फाईलसाठी जोडलेल्या प्रत्येकाला तुमचा आयपी पत्ता दिसतो. त्यात कोण बसलंय, तुम्हाला माहीत नाही. "व्हीपीएन लावतो की!" म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, २०२२ च्या सरकारी निर्देशांनुसार व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायची आहे. आणि फुकटचा व्हीपीएन तुमच्याच माहितीवर कमवत नसेल, याची खात्री काय? होला नावाचा एक फुकट व्हीपीएन वापरणाऱ्यांचंच इंटरनेट दुसऱ्यांना विकत होता, हे २०१५ मध्ये उघड झालं.

तिसरं. मोठ्या पोतडीत, "हजार व्हिडिओ एकत्र" असल्या फायलींत काय काय असतं, ते उतरल्याशिवाय कळत नाही. लहान मुलांचं अश्लील चित्रण त्यात निघालं तर गोष्ट कॉपीराइटची राहत नाही. ते उतरवणं, जवळ ठेवणं, पाठवणं हा आयटी कायद्याच्या ६७-ब खाली गंभीर गुन्हा आहे, पहिल्याच वेळी पाच वर्षांपर्यंत कैद. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोक्सोच्या बाबतीतही हे अगदी स्पष्ट केलं. पालकांनी हे पोरांना सांगायला लाजू नये.

चौथं फोनचं. २९ जून २०२० ला सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली, त्यात शेअरइट आणि झेंडर दोन्ही होती. तरी अजून कुणी ना कुणी ती एपीके फाईल फोनाफोनांत देतोच. बंदी असलेल्या ॲपची इकडून तिकडून आलेली प्रत कुणी आत काय घालून दिली असेल, सांगता येत नाही. आता तर पीएम किसानचा हप्ता, आरटीओचं चलन, लग्नाची पत्रिका अशा नावाने एपीके व्हॉट्सॲपवर येते. पत्रिका ही कधीच एपीके नसते, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आज समजावून सांगा. दाबलं की मेसेज वाचायची परवानगी मागते, ओटीपी तिकडे जातो आणि खातं रिकामं. पाठवणारा ओळखीचा असतो, कारण त्याचाही फोन आधीच गेलेला असतो. पैसे गेले तर लाजत बसू नका, त्याच मिनिटाला १९३० ला फोन लावा. जितका लवकर, तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

आता राहुट्यांकडे येतो.

मोठ्या कंपनीचा पिक्चर उतरवला की पोरगं म्हणतं, त्यांना काय फरक पडतो, कोटी कमावतात. या म्हणण्यावर वाद घालता येईल. पण आपल्या तालुक्यात, आपल्या डोळ्यांसमोर ज्याचं नुकसान होतं तो कोटीवाला नाही. विठाबाई नारायणगावकरांचं हे गाव. इथे राहुटी टाकणारा फड म्हणजे पोटासाठी फिरणारी माणसं. गाड्या, डिझेल, तंबू, जनरेटर, ढोलकीवाला, सोंगाड्या, नाचणाऱ्या बाया, स्वयंपाकी. फडाची कमाई दोनच, तिकीट लावून तंबूत खेळ किंवा यात्रेची सुपारी. वर्षाचा हिशेब काही महिन्यांत बसवायचा. नवा वग बसवायला दिवस घालवायचे. आणि पहिल्या आठवड्यात कुणीतरी पुढच्या रांगेत मोबाईल उभा धरून अख्खा वग काढतो. रात्री फाईल ग्रुपवर. पुढच्या गावात फड पोचायच्या आधी वग पोचलेला असतो. सोंगाड्याने विनोदाला हात घातला की पोरं शेवट आधीच ओरडतात.

मी हे एकदा बोललो तर एक मित्र म्हणाला, "तमाशा लोककला आहे. लोकांची आहे. तिला कसला कॉपीराइट?"

मुद्दा चांगला आहे, म्हणून उत्तर नीट देतो. गण, गवळण, बतावणी, वग हा साचा सगळ्यांचा आहे. त्यावर कुणाचीच मालकी नाही आणि नसावी. कुणीही फड काढावा, कुणीही गवळण म्हणावी. पण या वर्षी कुणीतरी बसून लिहिलेला वग ही त्या लेखकाची कृती आहे, त्याच्या हयातीत आणि नंतर साठ वर्षं. आणि काल रात्री त्या बाईने जी लावणी सादर केली, तो तिचा सादरकर्ता म्हणून हक्क आहे. १९९४ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात हा हक्क आला, कलम ३८, मुदत पन्नास वर्षं. सादरकर्ता म्हणजे कोण, याची कायद्यातली यादी वाचण्यासारखी आहे. नट, गायक, वादक, नर्तक, कसरतवाला, जादूगार आणि चक्क गारुडी. व्याख्यान देणाराही त्यात आहे. दिल्लीत कायदा लिहिणाऱ्यांना गारुडी आठवला. आपल्याला आपला सोंगाड्या आठवायला हरकत नाही.

या कायद्यात सवलतही आहे. स्वतः पुन्हा बघायला म्हणून कुणी चित्रीकरण केलं तर तो हक्कभंग धरत नाहीत. अभ्यासासाठी, शिकवण्यासाठीही चालतं. बातमीसाठी छोटा तुकडा चालतो. अडचण सुरू होते ती फाईल पुढे गेली की. आणि यात्रा कमिट्यांसाठी एक गोष्ट: सुपारी दिली म्हणजे त्या रात्रीचा खेळ गावाने घेतला. चित्रीकरणाचे हक्क त्यासोबत आपोआप येत नाहीत. आज एखादा चॅनेलवाला येतो, कॅमेरा लावतो, लाईव्ह करतो, जाहिरातीचे पैसे त्याला. फडाला विचारलेलंही नसतं.

हे सगळं लिहिताना दुसरी बाजूही मला दिसते. आपल्या पश्चिम पट्ट्यात थेटर नाही. पुस्तकाचं दुकान गाठायला एसटीने मंचर किंवा घोडेगावला यावं लागतं, आणि तिथेही हवं ते मिळेलच असं नाही. पाच वेगवेगळ्या ॲपची वर्गणी शेतमजुराच्या घराला परवडत नाही. परीक्षेची पुस्तकं महाग आहेत. ही अडचण खोटी नाही आणि नुसत्या कायद्याच्या धाकाने ती सुटणार नाही. म्हणून फुकट आणि सरळ मार्गाने मिळणाऱ्या गोष्टी तरी माहीत करून घ्या. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये अधिकृतपणे मिळतात. मराठी विश्वकोश नेटवर पूर्ण खुला आहे. साहित्य संस्कृती मंडळाची बरीच पुस्तकं फुकट उतरवता येतात. लेखक जाऊन साठ वर्षं उलटली की त्याचं लेखन सगळ्यांचं होतं. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे त्यांची पुस्तकं २०११ पासून मोकळी आहेत, बिनधास्त वाटा. जुन्या पिक्चरचंही प्रदर्शनानंतर साठ वर्षांनी तसंच, फक्त त्यातल्या गाण्यांचे हक्क वेगळे असू शकतात एवढं भान ठेवा. ऑफिसच्या कामाला लिबरऑफिस आहे, फोटोला गिंप आहे, चित्राला इंकस्केप आहे, तिन्ही फुकट आणि कायदेशीर. इंजिनिअरिंगच्या पोरांना ऑटोकॅड विद्यार्थी म्हणून अधिकृतपणे फुकट मिळतं, मग क्रॅकच्या मागे कशाला लागता? जवळच्या फोनला फाईल द्यायची तर अँड्रॉइडमध्ये क्विक शेअर आधीच आहे, वेगळं ॲप लागत नाही. फक्त ते "सर्वांसाठी" उघडं ठेवू नका.

शेवटी दोन मागण्या, म्हणजे विनंत्याच.

पहिली यात्रा कमिट्यांना. या वर्षी नारायणगावात सुपारी ठरवाल तेव्हा करारात एक ओळ घाला. चित्रीकरण करायचं की नाही, लाईव्ह कोण करणार आणि त्याचे पैसे कुणाला. फड म्हणाला "आमच्याच चॅनेलवर टाकतो" तर उत्तम. फड म्हणाला "नको" तर खेळ सुरू व्हायच्या आधी माईकवरून सांगा. गावाच्या माणसाने सांगितलेलं गाव ऐकतं. फडमालकाने सांगितलं तर पुढची पोरं शिट्ट्या मारतात, हे आपण सगळ्यांनी बघितलंय.

दुसरी तुम्हा-आम्हाला. एखादा वग, कीर्तन, गाणं, आपल्याच भागातल्या पोराने केलेली शॉर्ट फिल्म आवडली, तर ज्याने केलंय त्याच्या चॅनेलची लिंक पाठवा. फाईल पाठवू नका. लिंक पाठवली की बघणारा त्याच्या दारात जातो, आकडा त्याच्या नावावर पडतो, दोन पैसे मिळाले तर त्याला मिळतात. फाईल पाठवली की त्याला पत्ताही लागत नाही. तुम्हाला दोन्हीला सारखाच वेळ लागतो.

सावड ही आपल्या माणसांनी गरिबीतून काढलेली फार चांगली रीत आहे. पण सावडीला निघताना आपण आधी विचारतो, आज कुणाच्या रानात? दुसऱ्याच्या उभ्या पिकात न विचारता दहा जण शिरले, तर त्याला गावात सावड म्हणत नाहीत.

कायद्याबद्दल कुणी वकील मंडळी वाचत असतील तर खाली भर घाला. फडातलं कुणी वाचत असेल तर त्यांनी जरूर लिहावं, ते सगळ्यात आधी वाचीन. आणि पोस्ट पटली तर पुढे पाठवा. ही माझी स्वतःची आहे, परवानगी आहे.